हलायचं नाही

“हललास!” ताईने थाळीवर पळी आपटायची थांबवली आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. “पायाचा अंगठा हलला. मी पाहिला.”

“पायाचा हलला तर चालतो,” टेबलाखालून धाकटूचा आवाज आला. “डोकं हलायला नको. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.”

“आधी पाय हलतो, मग डोकं. झोप गुमान.”

आणि तिने पुन्हा थाळी बडवायला घेतली. कापड बेतायचं लांबलचक टेबल, त्याच्या चारी बाजूंनी खाली सोडलेल्या चादरी, आत फरशीवर उताणा पडलेला चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि बाहेर त्याच्या कानाशी बसून भांडी वाजवणारी त्याची पन्नाशीची बहीण. कुणी परका दारात उभा राहिला असता तर या घरात एक नाही, दोन वेडे आहेत, असंच म्हणून गेला असता. कानशिलं पांढरी झाली तरी त्याचं ‘धाकटू’ हे नाव काही सुटलं नव्हतं. नाव ठेवणारी आई केव्हाच गेली होती, नाव तेवढं उरलं होतं.

ताई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होती. स्वभावाने फटकळ, पण हातातलं काम अर्धं टाकेल तर शपथ. त्यामुळे भावाला शिकवायचं ठरल्यावर तिने ते कारखान्यातल्या ऑर्डरसारखं अंगावर घेतलं होतं.

धाकटूला विशीत आवाज ऐकू यायला लागले. माणसं दिसत नसत, बोलणं तेवढं ऐकू येई, आणि तेही बरं नसे. तू नालायक, तू कशाला जगतोस, असलंच. गोळ्यांनी झोप आली, पोट सुटलं, आवाज थोडे खाली बसले, पण गेले नाहीत. वडील मात्र शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले, “नाटकं आहेत सगळी. काम करायला नको म्हणून सोंग घेतलंय.” जेवताना म्हणत, पाहुण्यांसमोर म्हणत, दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्याही म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण मुलाच्या दुखण्यापुढे त्याची मती चालली नाही, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्याला ‘नाटकं’ म्हणणं सोपं गेलं.

आणि मग ज्या इस्पितळातून गोळ्या मिळत, तिथे या डॉक्टरीणबाई भेटल्या. केसांत पेन्सिल खोचलेली, वयाने ताईच्या मुलीसारखी बाई. आवाज ऐकू येणाऱ्या लोकांच्या मेंदूवर त्या संशोधन करत होत्या. बोगद्यासारखं एक मशीन असतं, त्यात माणसाने निपचित पडायचं, ते मशीन चालू मेंदूचे फोटो काढतं. हातात एक बटण देतात. आवाज आला की दाबायचं, थांबला की सोडायचं. म्हणजे त्या क्षणी मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते कळतं.

एरवी धाकटू ताकास तूर लागू द्यायचा नाही. त्या दिवशी मात्र आपणहून बोलला, “म्हणजे फोटोत दिसेल?”

“पुष्कळ जणांचे फोटो एकत्र पाहिल्यावर दिसेल,” डॉक्टरीणबाई जपून म्हणाल्या. धाकटूने त्यातलं ‘दिसेल’ एवढंच ऐकलं.

पहिल्या वेळी तो आत गेला, मशीनने ठोकायला सुरुवात केली, आणि “बाहेर काढा, बाहेर काढा” असा त्याचा आरडाओरडा ताईला थेट बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आला. घरी येऊन तो कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताई मनाशी म्हणाली, झालं, हात दाखवून अवलक्षण. आता या मशीनचं नाव काढायचं नाही. नाव काढलं ते धाकटूनेच.

“ताई, मला परत जायचंय.”

“कशाला? उगाच जिवाला ताप.”

“बाबा म्हणायचे ना.”

एवढंच म्हणाला. ताईने टेबल रिकामं केलं आणि कपाटातून चादरी काढल्या.

तर असा हा सराव. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा तावातावाने वर आल्या. “अगं, काय लावलंय? माझं डोकं उठलं!” ताईने त्यांना चादर वर करून दाखवली, मशीनबद्दल सांगितलं. काकू कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “थाळीने काय होणार? डबा घे पत्र्याचा.” आणि स्वतःच्या घरून आणून दिला.

सुट्टीच्या दिवशी ताईने बटणाचा सराव सुरू केला. बटण कुठून आणणार? घरात दाबून धरलं तरच लागणारा एक छोटा टॉर्च होता, तोच तिने त्याच्या हातात दिला. ती डबा बडवू लागली. चादरीआड उजेड पडला. गेला. पुन्हा पडला आणि तसाच राहिला.

“अरे, दाबून काय ठेवलास? सेल संपतील.”

“मी नाही ठेवला,” आतून शांतपणे उत्तर आलं. “ते बोलतायत.”

ताईचा हात थांबला. खोली एकदम गप्प झाली आणि उजेड मात्र होता तसाच होता. मग जरासा विझला, श्वास घ्यावा इतका, आणि पुन्हा लागला. “धाकटू, जेवायला उशीर झाला ना रे आज?” तिने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. “नाही गं, भूक नव्हती,” तो म्हणाला, आणि त्याचं हे वाक्य चालू असतानाही टॉर्च पेटलेलाच होता. इतकी वर्षं ती त्याच्यावर खेकसली होती. ऐकतोस का, लक्ष कुठाय, दोनदा सांगावं लागतं तुला. त्या प्रत्येक वेळी तो या गोंधळातून तिचं बोलणं निवडून घेत होता, आणि वर नीट उत्तरही देत होता. ताई तोंडाला पदर लावून रडली. मग डोळे पुसून तिने पुन्हा डबा बडवायला घेतला, कारण मशीनची तारीख जवळ आली होती.

त्या दिवशी धाकटू ताईने शिवलेला सदरा घालून गेला. मशीनजवळ धातूचं काही चालत नाही, म्हणून त्याला बटणांऐवजी कापडी बंद होते. “काज-बटणवालीच्या भावाच्या अंगावर एक बटण नाही,” ताई म्हणाली. तो हसला नाही. ओठ मिटून आत गेला.

ताई बाहेर बाकावर बसली. ठोकाठोक सुरू झाली. तिच्या डब्याची या आवाजापुढे काहीच पत्रास नव्हती. आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून ती कान टवकारून राहिली. तो ओरडला नाही. मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं, आणि अखेर दार उघडलं.

“झालं! पार पडलं बघा!” ताई उठून उभी राहिली. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा तिला काही बरा दिसेना.

“पडून राहिले ते अगदी छान,” त्या म्हणाल्या. “पण बटण एकदाही दाबलं नाही त्यांनी. बटण तपासलं आम्ही. चांगलं आहे.”

“मी दाबणार होतो,” मागून येत धाकटू म्हणाला. त्याच्या कपाळावर डोकं धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचा लाल वळ उठला होता. “पण ते आलेच नाहीत.”

“होतं असं कधी कधी. का होतं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही.” डॉक्टरीणबाईंनी केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. “मशीन अजून थोडा वेळ मोकळं आहे. एकदा परत जाल का आत? आवाज आले तरच दाबायचं हं.”

धाकटूने मान डोलावली. डॉक्टरीणबाई तयारीला आत गेल्या, तशी ताईने त्याला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. एवढी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी होऊ द्यायची नाही, इतकंच तेव्हा तिच्या डोक्यात होतं.

“ऐक माझं,” ती कुजबुजली. “आले नाहीत तरी दाब. दोन-चारदा. कुणाला कळणार आहे? तुझे आवाज खरे आहेत हे मला माहीत आहे ना? मग झालं तर.”

धाकटूने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, जरा नवलाने.

“म्हणजे नाटक करू?”

ताईने त्याचा दंड तसाच धरून ठेवला.

“मग बाबा खरे ठरतील गं,” तो म्हणाला, तिचा हात दंडावरून अलगद सोडवला आणि आत गेला.

या वेळीही तो निश्चल पडून राहिला, आणि या वेळीही त्याने बटण दाबलं नाही. बाकावर बसलेल्या ताईला लाजेने मान वर करवेना, आणि त्याच वेळी इतका अभिमान वाटत होता की कुणाला तरी बोलावून सांगावं, तो आत आहे ना, तो माझा भाऊ.

“हे फोटो आम्हाला या अभ्यासात धरता येणार नाहीत,” डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. “तुम्ही खूप केलंत. आता नाही आलात तरी चालेल.”

“पुढची तारीख द्या,” धाकटू म्हणाला.

बसथांब्यावर दोघंच होती. दुपारची वेळ, रस्ता सुस्त.

“आत कुणीच नव्हतं, ताई.”

“मग काय ऐकू येत होतं?”

“मशीन. आणि मी. हलायचं नाही, हलायचं नाही, असं मीच म्हणत होतो मनात.” तो थोडा थांबला. “माझा आवाज थोडा बाबांसारखा आहे गं. मला माहीतच नव्हतं.”

“आणि आता?”

“आताही नाहीत. अजून आले नाहीत.”

बस आली. ताई उठायला लागली, तर त्याने तिच्या हातावर हात ठेवला. “ही जाऊ दे.” बस गेली. मागून दुसरी आली, तीही त्यांनी जाऊ दिली. ताईने फक्त अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, मुकादमाची बोलणी खावी लागणार होती. खाईन, ती म्हणाली मनात. समोरच्या झाडावर कसले तरी पक्षी भांडत होते आणि धाकटू मान वर करून ते भांडण ऐकत होता. एकदा तो आपणहून हसलासुद्धा. ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही, उगाच त्याची तंद्री मोडायला नको म्हणून.

मग त्याची मान हळूहळू खाली आली. तो उठला, पँट झटकली.

“चल.”

“बस कुठाय अजून?”

“बस नाही. ते आले.”

ताई त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने बस आली. बस जवळजवळ रिकामी होती. धाकटू आधी चढला आणि खिडकीपाशी जाऊन दांडा धरून उभा राहिला.

“इथं माझी ताई बसणार आहे,” तो त्यांना ठणकावून म्हणाला. आसपास कुणीच नव्हतं. ताई गेली आणि त्या जागेवर बसली.