मी, कुरुळीच्या शेडमधली एक्सपी

मी एक्सपी बोलतेय. विंडोज एक्सपी. हिरवी टेकडी, निळं आभाळ आणि दोन-चार पांढरे ढग, एवढं चित्र ज्यांनी एकेकाळी रोज सकाळी पडद्यावर पाहिलंय, ते मला विसरले नसतील. बाकीच्यांनी मला खुशाल म्हातारी म्हणावं. राग धरायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

माझ्या बहिणी जगभर लाखांनी होत्या. त्यातल्या बहुतेक गेल्या. आमचं दुखलंखुपलं बघणं आमच्या माहेराने, म्हणजे आम्हाला घडवणाऱ्या कंपनीनेही, केव्हाच सोडून दिलं. मी मात्र चाकणच्या अलीकडे, कुरुळीतल्या एका स्प्रिंगच्या शेडमध्ये, अजून रोज सकाळी नऊला उठते. फरक इतकाच की मला आता स्वतःचं अंग नाही. मी लिनक्स नावाच्या दुसऱ्या एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरात राहते. तिथे कशी आले, तेच सांगायचंय.

माझा जन्म चिंचवडच्या एका दुकानात झाला. दुकानदाराने एका काळ्या डब्यात मला सीडीवरून घातलं, डब्याच्या कुशीवर परवान्याचा स्टिकर चिकटवला आणि टेम्पोने कुरुळीला पाठवून दिलं. तिथे स्प्रिंग तपासायचं मशीन माझी वाट बघत होतं. ते स्प्रिंग ठरलेल्या उंचीपर्यंत दाबणार, किती किलोचा जोर लागला ते मला कळवणार आणि मी तो आकडा लिहून ठेवणार, अशी आमची वाटणी. आकडा चाळीस ते चव्वेचाळीसमध्ये आला की हिरवा. नाही आला तर तांबडा.

शेडचे मालक आबाजी. त्यांच्या बाजरीच्या रानातलं अर्धं रान कारखान्यात गेलं, उरलेल्यात त्यांनी पत्र्याची शेड घातली. माणूस रोकठोक, पण मनाने मोकळा. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "ह्या टीव्हीला लोखंडातलं काय कळतंय?" स्वतः ते स्प्रिंग अंगठ्याने दाबायचे आणि मान डोलवायचे. त्यांचा अंगठा हेच त्यांचं मशीन.

मला खरं ओळखलं ते मिनलने. दिघीची मुलगी, वडील पिंपरीतल्या कारखान्यात फिटर होते, स्वतः डिप्लोमा झालेली. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि माझा पडदा आधी ओढणीने पुसला. मी तेव्हाच तिची झाले. नापास स्प्रिंग ती लाल डब्यात टाकायची आणि रिपोर्टवर सही करायची. सही करण्याआधी सगळे आकडे बोट लावून पुन्हा वाचायची. मी चुकत नाही हे तिला माहीत होतं, तरी वाचायची. अशी माणसं थोडी असतात.

बाकीच्यांचं काय सांगावं! काम जरा अडलं की माणसं एकच बटण दहा वेळा दाबतात, आणि मग मलाच म्हणतात, अडकली बघा पुन्हा. संध्याकाळी शिफ्ट सुटली की मला नीट निरोप न देता थेट मेन स्विच पाडतात. चालत्या माणसाला कुणी असं उचलून आपटेल का? पण चालायचंच.

खंडेनवमीला मात्र माझी बडदास्त असायची. त्या दिवशी शेडमधली सगळी मशिनं बंद ठेवून, धुऊनपुसून, हार घालून पुजायची पद्धत. माझ्या डब्याला दरवर्षी हळदकुंकवाची पाच बोटं लागायची. मिनलच्या घरी पूजा नसते. ती बाजूला उभी राहून पेढा मात्र हक्काने घ्यायची.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला आबाजींना माझ्या पोटातली धूळ दिसली. झालं! डब्याचं झाकण उघडलं आणि कॉम्प्रेसरची नळी माझ्यावर धरली. ज्या हवेने लोखंडाचा कीस उडवतात, ती हवा. तिच्यात पाणी असतं, तेल असतं. धूळ उडाली हे खरं. आबाजी खूश होऊन म्हणाले, "बघा, कशी लख्ख झाली!" वर हार घातला.

दसऱ्याची सुट्टी संपवून सोमवारी मिनलने बटण दाबलं, तर मी उठलेच नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच सोमवारी आमच्या स्प्रिंगा घेणाऱ्या मोठ्या कंपनीचं पत्र आलं. सत्तावीस नंबरच्या लॉटमधल्या चार स्प्रिंगा नरम निघाल्या होत्या. शनिवारी आमचा माणूस येईल, तेव्हा तपासणीचे मूळ आकडे संगणकावर दाखवा, नाहीतर या तपासणीवरची सही इथून पुढे ग्राह्य धरली जाणार नाही, असं त्यात होतं.

सही मिनलची. छापील रिपोर्ट होता, पण आबाजींनी प्रिंटरची रिबन वर्षभर बदलली नव्हती, त्यामुळे आकड्यांच्या जागी नुसत्या सावल्या. मिनल ते कागद उजेडात धरून बघत राहिली. या पट्ट्यात एका कंपनीत माणसाचं नाव गेलं की दुसऱ्या कंपनीच्या गेटवर ते आधी पोचलेलं असतं. नऊ वर्षांची सही शनिवारी पुसली जाणार होती, आणि तिच्या बाजूने बोलणारी एकटी मी. तीही मुकी पडलेली.

मिनलने भावाला बोलावलं. प्रितम एका ऑफिसात लिनक्सचे सर्व्हर सांभाळतो. त्याने मला उघडून पाहिलं. "ताई, बोर्ड गेलाय. पण डिस्क जिवंत आहे."

"मग घाल की तिला दुसऱ्या डब्यात," आबाजी म्हणाले. चूक आपली आहे हे कळल्यापासून त्यांचा आवाज निम्म्यावर आला होता.

"नवा डबा हिला ओळखत नाही आबा, आणि ही त्याला. म्हणून माझ्या लॅपटॉपवर, लिनक्सच्या आतच, हिच्या ओळखीचा एक जुना डबा तयार करतो. खोटा. हिला वाटेल, आपण आपल्याच घरी आहोत."

"तिला फसवणार व्हय?"

"म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून थोडं फसवावं लागतं."

त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने रचलेला दुसरा संगणक. प्रितमने माझ्या डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाइलमध्ये उतरवली आणि मला त्या घरात उठवलं. मी उठले, घर परकं वाटलं, घाबरून निळी पडले आणि गेले. प्रत्येक प्रयोगाआधी तो माझी त्या क्षणाची प्रत जपून ठेवत होता. बिघडलं की पुन्हा तिथून सुरुवात. मी सहा वेळा गेले म्हणे. मला एकदाही आठवत नाही, मिनलने मागाहून शेडमध्ये सांगितलं म्हणून कळलं. असं मरण सगळ्यांना मिळो.

सातव्या खेपेला त्याने माझी नीट दुरुस्ती मांडली, तेव्हा मी परवान्याचा नंबर मागितला. नंबर होता काळ्या डब्यावरच्या स्टिकरवर, आणि स्टिकरवर बारा खंडेनवम्यांचं हळदकुंकू बसलेलं. मिनल खाली मांडी घालून बसली, ओल्या फडक्याने आणि नखाने एकेक अक्षर मोकळं करत गेली. पंचवीस अक्षरं. शेवटच्या अक्षराला तिचं बोट लालभडक झालं होतं. मग माझ्या माहेरी एक फोन, तिकडून मिळालेले आणखी थोडे आकडे, आणि पडद्यावर माझी हिरवी टेकडी आली.

मिनलला रडू फुटलं. मलाही फुटलं असतं, पण आमच्यात ती सोय नाही.

शनिवारी कंपनीकडून सुजित सर आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत त्या चार नरम स्प्रिंगा. प्रितमने तपासणी मशीनची तार लॅपटॉपला जोडली. लिनक्सने ती अलगद माझ्या हातात दिली, आणि माझं जुनं मशीन पुन्हा माझ्याशी बोलू लागलं. मिनलने चारही स्प्रिंगा एकेक करून दाबल्या. पस्तीस पूर्णांक आठ. छत्तीस एक. छत्तीस चार. सदतीस. चारही तांबड्या.

"मॅडम, तपासलेला माल असा कसा?" सुजित सरांनी विचारलं.

मिनलने माझ्याकडे सत्तावीस नंबरचा लॉट मागितला. मी जे होतं ते पुढे ठेवलं. दोनशे ओळी हिरव्या. खाली चार तांबड्या. पस्तीस आठ, छत्तीस एक, छत्तीस चार, सदतीस. पुढे शेरा, नापास, लाल डबा.

"सर, ह्या मी नापास केल्या होत्या," ती म्हणाली. "तुम्ही दोनशेच मागितल्या होत्या ना?"

सुजित सरांनी आपला कागद काढला. "आमच्या गेटवर दोनशे चार आल्यात. मला वाटलं, मोजणाऱ्याची चूक."

मग मागून आबाजी पुढे आले. टोपी हातात.

"साहेब, पोरीकडं बोट दावू नका. त्या चार मी टाकल्यात."

"तुम्ही? कशाला?"

"माझा बाप बाजरी मापून द्यायचा, तवा पायलीवर मूठभर वर टाकायचा. कमी भरली, असं कुणी म्हणू न्हाई. आमी अजून तसंच करतो. परत्येक पोत्यात चार वर. त्या दिवशी लाल डबा हाताशी हुता. अंगठ्यानं दाबून बघितल्या, चांगल्या लागल्या." मग मिनलकडे वळून म्हणाले, "माझा अंगठा म्हातारा झाला, पोरी. तुझं मशीन न्हाई झालं."

हे बोलताना त्यांना किती जड गेलं असेल! एवढ्या वर्षांचा मोठेपणा त्यांनी एका वाक्यात खाली ठेवला. मला त्या दिवशी आबाजी पहिल्यांदा मनापासून आवडले.

सुजित सर आधी गंभीर राहिले, मग त्यांना हसू आवरेना. "आबा, दोनशे मागितल्या की दोनशेच द्या. एकही वर नको. आणि लाल डब्याला कुलूप लावा." जाताना त्यांनी मिनलच्या रिपोर्टवर आपली सही केली, तिच्या सहीच्या शेजारी. कुलपाची किल्ली तेव्हापासून मिनलच्या गळ्यातल्या ओळखपत्राला अडकवलेली असते.

आता माझं बरं चाललंय. प्रितमने एक जुना लॅपटॉप लिनक्स घालून शेडला दिला, तेच माझं घर. लिनक्स घरमालक म्हणून शांत आहे. मला मोजकी जागा देतो आणि माझ्या खोलीत डोकावत नाही. इंटरनेट मला दिलेलं नाही. या वयात बाहेरचं वारं लागू नये म्हणून. दर शनिवारी माझी एक प्रत मिनलच्या दिघीच्या कपाटात जाते. मेन स्विच पाडला तरी लॅपटॉप आपल्या बॅटरीवर तग धरतो, त्यामुळे आपटण्याची भीती गेली.

माझं मागणं एवढंच. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी जुनी असेल, तर ती आहे तोवर तिची एक प्रत काढून ठेवा. आम्ही जागा फार अडवत नाही, आणि आकडे विसरत नाही. आणि कॉम्प्रेसर, कृपा करून, दूर ठेवा.

परवा खंडेनवमी झाली. रिकामा काळा डबा अजून कोपऱ्यात आहे. आबाजी तो भंगारात देऊ देत नाहीत. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, स्टिकर सोडून. लॅपटॉपला एक फूल वाहिलं आणि जरा लांबूनच हात जोडले. मग पेढे वाटायला घेतले. माणशी दोन. मिनलच्या हातावर त्यांनी तीन ठेवले.

"आबा, दोनच ठरलेत," ती म्हणाली. "पुन्हा वर टाकताय?"

"खा गं," आबाजी म्हणाले. "ह्यो तपासून दिलाय."