टाकीचं झाकण

आळंदच्या अमृतप्पांची लॉरी कुठं बंद पडेल याचा नेम नव्हता. कधी बाजारातून निघाल्या निघाल्या, कधी गुलबर्ग्याच्या वेशीत, कधी कडगंचीच्या चढावर. इंजिन आधी धापा टाकायचं, मग खोकायचं आणि गप्प व्हायचं. ड्रायव्हर अंबाजी खाली उतरायचा, डिझेलची नळी सोडून हवा काढायचा, परत आवळायचा. एक बिडी ओढून होईपर्यंत लॉरी अशी सुरू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं.

उपाय पुष्कळ झाले. फिल्टर बदलला, नळ्या नव्या घातल्या. गुलबर्ग्याच्या एका मिस्त्रीनं पंप उघडला, पुसला आणि होता तसा बसवून दिला. अमृतप्पांच्या बायकोनं, कमलम्मांनी, लिंगायतांच्या पुजाऱ्याला, जंगमाला बोलावून बॉनेटला विभूती लावली. टाकी उतरवून धुवायची तेवढी राहिली होती, पण त्याला लॉरी उभी ठेवावी लागली असती, आणि तुरीचा हंगाम ऐन भरात होता.

"हंगामात गाडी उभी करतोस व्हय?" अमृतप्पा म्हणायचे. "गाडीला काय झालेलं न्हाई. तूच मुद्दाम थांबवायलास. रस्त्यात डिझेल इकत असशील."

अंबाजी मान खाली घालून ऐकायचा.

मग एके दिवशी कडगंचीच्या चढावर, तुरीची पोती गच्च भरलेली असताना, इंजिन बंद पडलं. ब्रेक जुना, माल जड. लॉरी मागं सरकायला लागली. पोत्यांवर बसलेली हमाल बाई भागम्मा नेहमीसारखी उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायला धावली. दगड लागला, चाक त्यावर चढलं आणि पलीकडं उतरलं. भागम्माचा पाय चाकाखाली आला.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात तिचा पाय गुडघ्यापासून कापला. अमृतप्पांनी तिच्या घरी एक पोतं ज्वारी पाठवली आणि दुसऱ्याच आठवड्यात लॉरी परत रस्त्यावर आणली.

अंबाजीला आता स्टेअरिंग धरलं की भागम्माची किंकाळी ऐकू यायची. ही लॉरी तळापासून जाणणारा माणूस एकच होता आणि त्याच्यासमोर जायला अंबाजीला तोंड नव्हतं. तरी तो गेला.

तो माणूस म्हणजे लाडलेसाब. लॉरी त्यांचीच होती. महायुद्ध संपल्यावर सोलापूरच्या लष्करी लिलावात घेतलेली. तिच्यावरच त्यांनी अंबाजीला गाडी शिकवली होती. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आळंदच्या आसपास मुसलमानांची घरं पेटायला लागली, तेव्हा लाडलेसाब बायकोला घेऊन गुलबर्ग्याला निघाले. लॉरी अमृतप्पांच्या गोदामात ठेवली. "शांत झालं की घेऊन जावा साब, तुमचीच हाय," असं अमृतप्पा म्हणाले होते, अंबाजीच्या समोर.

शांत झाल्यावर लाडलेसाब आले, तर अमृतप्पा म्हणाले, "गाडी तर तुम्ही मला इकून गेलात की." नव्या राजवटीत कागदही त्यांच्याच नावावर झाले होते. लाडलेसाबांनी तहसील कचेरीत अर्ज केला. साक्षीला अंबाजीचं नाव दिलं. अंबाजी कचेरीत उभा राहिला आणि म्हणाला, "मला म्हाईत न्हाई." त्याच महिन्यात तो अमृतप्पांचा ड्रायव्हर झाला.

त्याला चार वर्षं झाली होती.

लाडलेसाब आता गुलबर्ग्याला दर्ग्याच्या वाटेवर स्टोव्ह दुरुस्त करत बसायचे. अंबाजीला बघून त्यांनी हातातली पिन खाली ठेवली नाही.

"चाचा," अंबाजी म्हणाला.

"बोल."

अंबाजीनं सगळं सांगितलं. भागम्माचंही सांगितलं.

"थांबल्यावर हवा काढून थोडा वेळ गेला की सुरू होती?" लाडलेसाबांनी विचारलं.

"व्हय."

"टाकीच्या झाकणाला मी कुलूप घातलं होतं. किल्ली माझ्याकडं हाय. मग डिझेल कसं घालता?"

अंबाजी म्हणाला, "अमृतप्पाअण्णांनी सांगितलं, म्हणून मी झाकण फोडलं. बूच म्हणून लाकडाचा गट्टू बसवला, गोणपाट गुंडाळून."

"गोणपाट टिकतं?"

"झिजतं. कधी त्याचा तुकडाच गायब असतो. मला वाटलं, रस्त्यात पडत असंल."

"रस्त्यात न्हाई, टाकीत पडतंय. नळीच्या तोंडाला जाऊन चिकटतंय. इंजिन बंद झालं की सुटतंय." लाडलेसाबांनी स्टोव्ह बाजूला सारला. "चल, मी येतो."

"चाचा, तुम्ही कामून? मी आता उतरवतो की टाकी."

"गाडी माझी हाय. तिच्याखाली माणूस चिरडलं तर ते माझ्या जिवाला लागतं, मियां. अमृतप्पाला न्हाई लागत, तुला आत्ता लागायलंय."

आळंदला बाजाराचा दिवस होता. लाडलेसाबांनी लॉरी अमृतप्पांच्या दुकानापुढंच उभी करायला लावली. भागम्माच्या प्रकारानंतर गावात कुजबुज होतीच, म्हणून अमृतप्पा नाही म्हणाले नाहीत. गादीवरून त्यांनी हात जोडले. "या साब, लई दिवसांनी."

लाडलेसाबांनी नमस्कार घेतला नाही. अंबाजीनं डिझेल डब्यात काढलं, पट्ट्या सोडल्या, दोघांनी मिळून टाकी खाली घेतली. लाडलेसाबांनी तारेचा आकडा करून आत घातला आणि फिरवत राहिले. पहिल्यांदा काही आलं नाही. मग काळं, बुळबुळीत गोणपाट ओढून बाहेर आलं, पाठोपाठ आणखी एक चिंधी, मग धाग्यांचा गोळा. बघणारे पुढं सरकले. समोरच्या किराणा दुकानातले भीमण्णा तराजू सोडून रस्त्यावर आले.

टाकी धुऊन चढवली. लाडलेसाबांनी तोंडावर पत्र्याचं झाकण ठोकून बसवलं. अंबाजी कडगंचीचा चढ चढून उतरून आला. लॉरी एकदाही खोकली नाही.

अमृतप्पा पायरी उतरून खाली आले आणि सगळ्यांना दिसेल अशी नोट पुढं केली. "घ्या साब. मिस्त्रीची मजुरी."

"आपल्याच गाडीची मजुरी कोण घेतंय?" लाडलेसाब म्हणाले.

अमृतप्पा हसले. "कुणाची गाडी? कचेरीत झालंय की सगळं. इचारा की या लोकांना."

लोक इकडं तिकडं बघायला लागले. लाडलेसाबांनी कुणाला विचारलं नाही. अंबाजीकडं तर बघितलंही नाही. तेच त्याला सोसलं नाही.

"गाडी चाचांची हाय," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, म्हणून तो परत मोठ्यानं म्हणाला, "गाडी चाचांची हाय! माझ्यासमोर ठेवायला दिली होती. कचेरीत मी खोटं बोललो."

भीमण्णा वळले आणि आपल्या दुकानात जाऊन परत तूरडाळ तोलू लागले. एका बाईनं पोराला दटावून पुढं नेलं. बघता बघता लॉरीभोवतीची गर्दी बाजारात मिसळून गेली.

"झालं बोलून?" अमृतप्पा शांतपणे म्हणाले. "गाडीची किल्ली ठेव गादीवर. आजपासून येऊ नको."

अंबाजीनं किल्ली ठेवली आणि लाडलेसाबांच्या मागं मोटार अड्ड्यावर गेला. त्यांची पिशवी घ्यायला त्यानं हात पुढं केला, त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"चाचा, मी बोललो की."

"हौ, बोललास. कचेरीत बोलला असतास तर गाडी मिळाली असती. आज बोललास, त्यात तुझी नोकरी गेली. मला काय मिळालं?"

"परत अर्ज करा. मी येतो साक्षीला."

"एकदा खोटं बोललेल्याची साक्ष कोण घेतंय?" लाडलेसाबांच्या आवाजात राग नव्हता, असता तर अंबाजीला बरं वाटलं असतं. "आणि आता ती गाडी चांगली चालायली. चांगली चालणारी गाडी अमृतप्पा कशाला सोडंल? मीच दुरुस्त करून दिली त्याला."

गुलबर्ग्याची मोटार आली. ते चढले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

घरी त्याच्या बायकोला, राजूबाईला, सगळं आधीच कळलं होतं. ती चुलीपुढून उठली नाही.

"तवा कचेरीच्या येळी गप बसा म्हणून मी सांगितलं, तर ऐकलात," ती म्हणाली. "आज तोंड उघडताना मला इचारलात का?"

तिनं भाकरी अंबाजीच्या पुढ्यात ठेवली आणि त्याच्याकडं पाठ करून बसली.

दुसऱ्या सकाळी ती विळा घेऊन तूर कापायला गेली. शेत अमृतप्पांचं होतं. त्या शिवारातली बहुतेक जमीन त्यांचीच, दुसऱ्या कुणाकडं काम नव्हतं.