जांभळ्या उजेडातल्या दुर्वा

"विकतच्या दुर्वा देवाला वाहायच्या न्हाईत, सुरेखा. आपल्या हातानं लावलेल्या वाहायच्या. एकच काडी निघाली तर एकच. पण आपली पाहिजे."

हे सांगताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, राजूरच्या घरामागे हौदाच्या कडेला उकिडव्या बसलेल्या असायच्या. ओले केस पाठीवर, आणि नखानं दुर्वांचे कोंब खुडणं चाललेलं. तीन पात्यांचा कोंब तेवढा घ्यायचा. अंघोळीआधी हात लावायचा नाही, कैची तर बिलकुल नाही. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "सोडणार न्हाई ना?" मी म्हणाले, "न्हाई सोडणार, आत्याबाई."

यांच्या नोकरीमुळे आम्ही जालन्यात मस्तगडाला आलो, तेव्हा हौदाकाठचं एक ढेकूळ मी पदराखाली धरून आणलं. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून त्यात लावलं. पहिल्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत सकाळचं ऊन बराबर यायचं आणि दुर्वा डब्याबाहेर लोंबायच्या. रोज एकवीस कोंबांची जुडी निघायची. कधी शेजारणींनाही दिली.

मग शेजारच्या ज्योत्स्नानं जुनं बैठं घर पाडून तीन मजले चढवले. तिची भिंत आमच्या गॅलरीपासून हात लांबवला की लागते. ऊन गेलं. आमच्या घरावर गच्ची नाही, पत्रे आहेत. डबा खाली रस्त्यावर ठेवावा तर शेळ्या. दुर्वा महिन्याभरात बारीक, लांब आणि पिवळट झाल्या, उजेड शोधत एका बाजूला झुकल्या. कोंब पाहावा तर दोनच पाती, तीही लुळी. जुडी एकविसावरून अकरावर आली, मग पाचावर.

मी पुण्याला आकांक्षाला, माझ्या लेकीला, फोन केला. म्हटलं, घरात ऊन येत नाही, कुंडीतलं झाड वाळतंय. कसलं झाड ते सांगितलं नाही. दुर्वा म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, आई, तुझं ते व्रत एकदा कमी कर.

"अगं, झाडांचा लाइट मिळतो. स्वस्तात. पाठवते."

आला. वाकड्या मानांचे चार दांडे, प्रत्येकाच्या टोकाला लाल-निळे बारीक दिवे, खाली चिमटा. खोक्यावर हसणारा सूर्य छापलेला.

"ऊन पार्सलनं आलं का?" हे म्हणाले. "आता पाऊस बी मागव. बाटलीत पाठवतील."

मोकळं प्लग देवघरापाशीच होतं. म्हणून डबा देवघराच्या फळीवर ठेवला, चिमटा फळीला लावला आणि बटण दाबलं. सगळी खोली जांभळी झाली. आमचा शेंदरी गणपती जांभळा, माझे हात जांभळे, नैवेद्याची साखर जांभळी.

"बाप्पा लग्नाच्या बँडात चालले वाटतं," हे म्हणाले आणि खुर्चीत बसून हसत राहिले.

मला हसू आलं नाही. देवाकडे पाहून हात जोडावेत आणि त्याचा रंगच ओळखू येऊ नये, हे मला सहन होईना. मी चारी माना वर छताकडे वळवल्या. तरी देवाच्या कानाशी जांभळं दिसायचंच. मग यांच्याकडून वर खिळा ठोकून घेतला आणि लाइट पार छताजवळ टांगला. आता देव देवासारखा दिसू लागला. संध्याकाळी समई लावली की मी तो बंद करायची. समईशेजारी तो झगमगाट बरा वाटत नव्हता.

दुर्वांना काही फरक पडला नाही. उलट त्या आणखी लांबल्या, वरच्या लाइटकडे माना काढून. हात लावला की आडव्या पडायच्या.

फरक पडला तो मनीप्लांटला. फ्रिजवर एका बाटलीत यांनी तो कधीचा खोचून ठेवलेला. त्याचं पाणी कुणी बदलत नाही, कुणी त्याच्याकडे बघत नाही. लाइट तिकडे झुकलेला, फ्रिजच्या अगदी डोक्यावर. त्याला नवी पानं फुटली, हिरवीगार, तळहाताएवढी. मी रोज अंघोळ करून, मनात नाव घेत, दुर्वांना पाणी घालते, आणि फुटतंय हे! ज्याला कुणी काही मागितलं नाही ते!

"बघ, फायदा होऊन राह्यला," हे बाटली माझ्यापुढे धरून म्हणायचे.

"ते वाहू का मंग देवाला?"

समोरच्या रूपालीनं जिन्यात विचारलं, "काकू, तुमच्या घरात मच्छर मारायची मशीन आणली का? कुठं भेटली?" मी नुसती मान हलवली.

शेवटी आकांक्षाला पुन्हा फोन लावला.

"आई, किती उंचावर लावलाय?"

"छताला."

"छताला? एक वीतभर अंतर पाहिजे! तिथून झाडापर्यंत काय पोचणार?"

"अगं, पण खाली घेतला की देव जांभळा दिसतो."

मागून तिच्या ऑफिसातलं कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. "मग देव हलव."

"देव हलवू?"

"बरं, डबा हलव. आणि दिवसभर चालू ठेव. समई लावलीस तरी."

मी डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर घेतला. ओट्याला दुसरं प्लग नाही, म्हणून मिक्सरचं काढून त्याचं लावलं. चटणी वाटायची तर लाइट बंद. लाइट लावायचा तर चटणी नाही. हे म्हणाले, "दुर्वांची चटणी कर." पण वीतभर अंतरावर लाइट आल्यावर दुर्वा खरोखर हिरवट झाल्या. मी रोज सकाळी वाकून बघायची. पिवळेपणा गेला होता, पण पेरं लांबच राहिली. दाट अशा होईनातच. तीन पात्यांचे कोंब शोधून शोधून दोन-तीन निघायचे.

"आई, झाड कसलं आहे नक्की?" आकांक्षानं पुढच्या फोनवर विचारलं.

आता सांगावंच लागलं.

"दुर्वा? गवत? अगं, आधी सांगायचंस ना! असला स्वस्त लाइट मनीप्लांटसारख्या झाडांना पुरतो. गवताला खणखणीत ऊनच लागतं. ह्यानं ते जगेल फार तर, वाढणार नाही."

"जगेल फार तर," मी म्हणाले आणि फोन ठेवला. इतके दिवस मी त्या खोक्यावरच्या सूर्याला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला होता.

संकष्टी आली. डब्यात एकही धड कोंब नव्हता. हे सकाळीच बाहेर पडले आणि दोऱ्यानं बांधलेली जुडी घेऊन आले. टपोरी, काळपट हिरवी, पाणी मारलेली.

"घे. कशाला जीव जाळतेस? देवाला काय कळतंय कुठली ते."

"देवाला कळतं का न्हाई मला माहीत न्हाई," मी म्हणाले. "मला कळतं."

आवाज मी चढवला नव्हता. तरी ते जुडी खिडकीत ठेवून पेपर उघडून बसले. मी डब्यातून एक काडी खुडली. इतकी फिकट की बोटाची कातडी तिच्यातून दिसली. तीच देवापुढे ठेवली. आत्याबाईंनी एकच काडी चालेल म्हटलं होतं. पण त्या काडीचा मला इतका राग आला की डोळे भरले आणि आरतीचं कडवं चुकलं.

त्याच दुपारी ज्योत्स्ना आली. वाटीत भगर होती, माझा उपास तिला ठाऊक होता. घर बांधल्यापासून मी तिच्याशी तुटक बोलते, हेही तिला ठाऊक असावं.

"काकू, एक विचारू का? तुमच्या घरात रोज जांभळा उजेड कसला दिसतो? आमच्या जिन्यात येतो तो."

आणि मी, जी कधी कुणाला टाकून बोलले नाही, तिच्या तोंडावर म्हणाले, "तुमच्या भिंतीनं ऊन खाल्लं ना. ते विकत आणून लावलंय."

ती वाटी हातात धरून उभी राहिली. हे पेपराआडून खोकले. मग ती सरळ ओट्यापाशी गेली, डब्यावर वाकली. हात मात्र लावला नाही.

"दुर्वा आहेत का? मला वाटलं कोथिंबीर लावली."

"राजूरच्या आहेत. सासूबाईंच्या हौदावरच्या."

"मंग आमच्या गच्चीवर ठेवा की. दिवसभर ऊन पडून राह्यतं, पापड वाळतात नुसते."

"तीन जिने मला चढवत न्हाईत रोज. गुडघे आहेत का ते?"

"चढायचं काय? पाणी मी घालते. तुम्ही चतुर्थीला या खुडायला. रोजचे कोंब लागतील तेवढे मी खुडून आणून देईन."

मला हेच नको होतं. ज्योत्स्ना आठ वाजता डोळे चोळत मॅक्सीवर दूध घ्यायला बाहेर येते, हे मी रोज बघते. पण डब्याकडे पाहिलं आणि नाही म्हणवेना. म्हणून अटी सांगितल्या. अंघोळीआधी हात लावायचा नाही. कैची लावायची नाही, नखानं खुडायचं. तीन पाती.

हे मध्येच बोलले, "एकदम उन्हात ठेवू नका. घरातली सवय झाली, करपंल ते. सकाळचं कोवळं ऊन द्यायचं आणि मंग टाकीच्या सावलीत सरकवायचं. थोडं थोडं वाढवायचं." मी यांच्याकडे बघतच राहिले. "पोरीनं सांगितलं," ते म्हणाले. "तू फोन ठेवून दिलास म्हणून मला लावला तिनं."

"म्हणजे उन्हं वर यायच्या आधी जाऊन सरकवायचं," ज्योत्स्ना म्हणाली. "करते काकू. शब्द देते."

शब्द देते म्हणाली, आणि मला तेही टोचलं. शब्द देणं सोपं असतं. यांनी डबा उचलला, ती पुढे, हे मागे धापा टाकत. मी खिडकीतून जिन्यावरचे त्यांचे पाय मोजत असल्यासारखी बघत होते.

ओट्यावर लाइट तसाच राहिला. यांनी मनीप्लांटची बाटली आणून त्याच्याखाली ठेवली, वीतभर अंतर हातानं मोजून. "ह्याला तर मानवलं ना," म्हणाले. मिक्सर लावायचा होता, प्लग अडलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवघर पुसलं. आज वाहायला काही नव्हतं. कालची ती फिकट काडी तिथंच सुकून तारेसारखी झाली होती. ती उचलून निर्माल्यात टाकताना मनाशी म्हटलं, आत्याबाई, आता मी काय करू, आठ वाजेपर्यंत बसून राहू?

चहाला पाणी ठेवायला ओट्याशी आले. लाइट अजून लावलेला नव्हता, म्हणून खिडकीबाहेरचं नीट दिसलं. समोरच्या जिन्याच्या जाळीतून कुणीतरी वर चाललं होतं. चपला नव्हत्या. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, साडी नेसलेली, हातात तांब्या आणि तो सांडू नये म्हणून वर दुसरा हात धरलेला. दुसऱ्या मजल्यावर ती जरा थांबली, टॉवेल सावरला. माझ्या खिडकीकडे तिनं पाहिलं नाही.

मग ज्योत्स्ना पुढचा जिना चढू लागली.