उलटं हँडल

आमच्या अज्जांची, म्हणजे आजोबा शरणप्पांची, रेसिंग सायकल उदगीरच्या किराणा दुकानात छताला टांगलेली असते. तरुणपणी हैदराबादच्या एका इंजिनियरकडून घेतलेली. विलायती पोलादाची हलकी फ्रेम, चामड्याची सीट, पायडलला पाय बांधायचे पट्टे, खालच्या नळीवर गिअरची खिट्टी. मडगार्ड नाही, कॅरियर नाही. एवढी नखरेल सायकल असून अज्जा तेव्हा शर्यतीत हरले, तेही भुजंगरावांच्या दुधाचे कॅन वाहणाऱ्या सायकलीकडून! भुजंगराव जिवलग मित्र, त्यामुळे रोज चहाला येतात आणि रोज आठवण करून देतात.

यंदा दोन्ही म्हाताऱ्यांनी पुन्हा शर्यत लावली, जळकोट रस्त्यावरच्या पुलापर्यंत.

"सुकन्या, एकदा तरी ह्याचं तोंड बंद करायचंय मला," अज्जा म्हणाले.

मी सायकल उतरवली, साखळीला तेल दिलं. बघते तर एडक्याच्या शिंगांसारखं खाली वळायचं हँडल वर वळलेलं! कुण्या अडाण्यानं बसवलं, असं म्हणत मी ते फिरवलं आणि स्वतःवरच खूश झाले.

अज्जा चक्कर मारून आले ते तणतणतच.

"हँडलला हात कुणी लावला? वाकलं की गळ्यातलं लिंग लोंबून हँडलला लागायलंय. देव आपटत सायकल चालवू का?"

तो अडाणी म्हणजे अज्जाच होते. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग छातीवरून हलू नये, म्हणून ताठ बसून, सगळा वारा अंगावर घेत ते हरले होते. लिंग उतरवून ठेवायचा तर प्रश्नच नव्हता. जीव गेला तरी ते लिंगायताच्या अंगावरून उतरत नाही.

"ऱ्हाऊ दे. कर परत उलटं," ते म्हणाले. आवाज असा पडला होता की मला रडूच आलं.

अज्जी, म्हणजे पार्वतम्मा, गहू निवडत होती. ती उठली, त्यांची बंडी घेतली, आतून छातीवर कप्पा शिवला, वर बटण लावलं. डबी आत ठेवून अज्जा वाकले. डबी जागची हलली नाही.

"एवढी वर्षं का न्हाई सांगितलीस?"

"तुमी कवा इचारलाव? हरलो म्हणून सांगितलाव, का हरलो ते कुठं सांगितलाव?"

रविवारी भुजंगराव धापा टाकत पुलावर पोचले, तेव्हा अज्जा कठड्यावर बसून शेंगा फोडत होते. मी आनंदानं नाचत होते.

"शरणप्पा, आता मी रोज चहाला येऊन काय सांगू रे?"

अज्जांनी शेंगा पुढं केल्या. छातीवरच्या कप्प्यावर हात ठेवून म्हणाले, "सांग की, पार्वतम्मानं हरवलं म्हणून."