सात वर्षांचं म्हातारं पाणी

कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्या माणसाची काळजी वाटेल. पण जवळपास हजार वर्षं ऊन न पाहिलेलं, चार किलोमीटर खोल समुद्रातलं पाणी एका मनगटी घड्याळानं एका दुपारीत सात वर्षांचं करून दाखवलं. केसांना कलप लावणाऱ्यांनी हात टेकावेत असा प्रकार!

अणुचाचण्यांनंतर पावसातून समुद्रात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, उतरलं. ते ज्या पाण्यात सापडतं, ते पाणी अलीकडेपर्यंत समुद्राच्या पृष्ठभागावर होतं. ज्यात नाही, ते म्हातारं. पण जुन्या चमकत्या घड्याळांच्या रंगातही हेच ट्रिटियम असतं आणि हळूहळू हवेत झिरपतं. म्हणून संशोधनाच्या बोटीवर, पाण्याच्या नमुन्यांच्या खोलीत, ते नमुने गोळा करणारी भाची कुणालाही घड्याळ घालून येऊ देत नसे. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनाही नाही, मग ते तिचे सख्खे मामा का असेनात.

मामांना सासऱ्यांनी दिलेलं चमकतं घड्याळ फार प्रिय. भाची डेकवर पाणी ओढत होती, तेवढ्यात ते खोलीत डोकावले. त्यांना बाहेर पडताना तिनं पाहिलं. ओरडलीसुद्धा. पण पाहणारी ती एकटीच.

आता निकाल आले होते. सतराच्या सतरा बाटल्या तरण्याताठ्या! बैठकीत टिपणं घ्यायला मामी, म्हणजे कार्यालयाच्या लेखनिक, आणि निर्णय द्यायला दोन पाहुणे तज्ज्ञ.

"निष्काळजीपणा, दुसरं काय?" मामा म्हणाले. "पुढच्या सफरीला हिला पाठवता येणार नाही."

भाचीच्या कानावर खोचलेली पेन्सिल रागानं पेटली असं काही लोक सांगतात. ते अतीच झालं. धूर मात्र नक्की निघाला.

"तेवीस दिवस ओकत ओकत एकेक बाटली भरलीय मी," ती म्हणाली. "घड्याळ घालून तुम्ही आत आलात, मामा."

"इथे सर म्हणायचं."

"घरी मामा, इथे सर, आणि खोटं मात्र दोन्हीकडे एकच!"

एका तज्ज्ञाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. मामांचा चेहरा लालबुंद झाला.

"मी त्या खोलीत पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही! लिहून घ्या!"

मामींनी लिहून घेतलं.

"सफरीतून हिचं नाव काढा," मामा आता सुटलेच, "आणि आधी ती खोली बदला. खोली कसली, खुराडं! माणूस नुसता वळला तरी कोपर लागून बाटल्या खडखडतात, मग काय होणार?"

भाचीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच मामींचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, पाऊल ठेवलं नाहीत ना? मग कोपर कुणाचं लागलं?"