अस्तराखालची चिठ्ठी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हो, मी किल्ट बोलतोय. पुरुषांनी कमरेला गुंडाळायचा, आठ वार लोकरीचा किल्ट. आणि 'आत काय घालतात?' हे विचारणार असाल तर आल्या पावली परत जा. साठ वर्षं तोच प्रश्न, तेच डोळे मिचकावणं आणि तोच हशा ऐकून मला माणसांची शिसारी आली आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला स्ट्राथबेग गावात, इफी टुलॉक नावाच्या शिवणारणीच्या मांडीवर माझा जन्म झाला. मर्डो हा तिथला पोस्टमन. लग्न पंधरा दिवसांवर आल्यावर या गड्याला किल्ट शिवायची आठवण झाली. आमच्याकडे चौकड्यांच्या कापडाला टार्टन म्हणतात, आणि ज्या त्या कुळाच्या चौकड्या वेगळ्या. मर्डोच्या कुळाचं कापड गिरणीतून यायला दोन महिने लागले असते. इफीच्या फळीवर एक तागा पडून होता. दुसऱ्याच कुळातल्या कुणीतरी तो मागवला आणि मग न्यायलाच आला नाही.

"हिरव्यावर निळं आहे. तुमचंही हिरव्यावर निळंच की," इफी म्हणाली. "लांबून कुणाला कळतंय?"

"आणि जवळून?"

"जवळून तुझी बायकोच बघणार. तिला चष्मा आहे."

मर्डो पोट धरून हसला आणि हो म्हणाला. ताग्याला गिरणीची चिठ्ठी होती, तिच्यावर त्या दुसऱ्या कुळाचं नाव. इफीनं ती फाडली नाही. "कापडाशी खोटं बोलू नये," असं म्हणून तिनं ती माझ्या अस्तराखाली शिवून टाकली. दोन्ही कुळांची नावं मी तुम्हाला सांगणार नाही. सांगितली तर दोन्हीकडून पत्रं येतील, आणि असल्या एकाच पत्रानं मला किती वीट आलाय ते पुढे कळेलच.

किल्टचं माप उभ्यानं घेत नाहीत. माणसाला गुडघ्यांवर बसवतात, आणि काठ जमिनीला टेकता टेकता राहिला पाहिजे. तुमच्या साडीच्या निऱ्या पुढे असतात, माझ्या मागे. पुढची बाजू सपाट. एवढं साधं आहे, पण लोकांना तेही जमत नाही.

मर्डोनं मला अठ्ठावन्न वर्षं घातलं. लग्नांना घातलं, मयतांना घातलं. एकदा बर्फात टपालगाडी अडकली तेव्हा सहा तास पांघरलं, आणि एकदा चक्क माझ्या ओच्यात ओलं कोकरू घरी आणलं. माझ्या अंगाला हेरिंग माशाच्या तळणीचा वास यायचा. त्यानं माझी बढाई कधी मारली नाही. कुणी कुळाबिळाचं काढलं की म्हणायचा, "थंडी वाजत नाही, एवढं खरं."

आणि त्याच्या पोटी हा हेक्टर निघाला!

हेक्टर विम्याच्या कचेरीत नोकरीला. चाळिशीत त्याला कुळाचं वेड लागलं. भिंतीवर वंशवृक्ष टांगला, कुळाच्या मंडळाचा चिटणीस झाला. उन्हाळ्यातल्या खेळांच्या मेळ्यात लोक कुस्त्या बघतात, ओंडके फेकणारे बघतात. हा लोकांच्या कमरा बघत फिरायचा. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण हा पोतंभर सोलायचा. एकदा पेट्रोल पंपावरच्या एका साध्या माणसाला त्यानं भर मैदानात अडवलं.

"आडनाव काय तुमचं? मग हा टार्टन कुठल्या हक्कानं घातलात?"

"भावाच्या लग्नासाठी भाड्यानं आणला हो," तो बिचारा म्हणाला. "ह्यात बसलो म्हणून हा घेतला."

मर्डो शेजारीच आईस्क्रीम खात उभा होता. मी त्याच्या कमरेला होतो, अस्तराखालच्या चिठ्ठीसकट. त्याचं पोट हसण्यानं हलत होतं ते मला कळत होतं.

हेक्टरच्या बायकोला पहिल्या लग्नाची एक मुलगी, इशबेल. ती सहा वर्षांची असताना या घरात आली. तिच्या वडिलांचे वडील पोलंडचे शिपाई, दुसरं महायुद्ध संपल्यावर इथेच राहिलेले, म्हणून तिचं आडनाव वॉयचिक. हेक्टरला ती हेक्टरच म्हणते. बाबा म्हण, असं त्यानं कधी सांगितलंच नाही. मर्डोला मात्र ती पहिल्या दिवसापासून आजोबा म्हणायची. त्यानंच तिला बॅगपाइप शिकवला, शेजाऱ्यांच्या शिव्या खात. आता ती घरांच्या छपरांवर पाटीचे दगड बसवते, आणि म्हाताऱ्याच्या शेवटच्या चार वर्षांत दर रविवारी खिमा आणि बटाटे करायला तीच यायची.

"मी गेलो की माझ्या मयतीच्या पुढे तू वाजवत चालायचं," एका रविवारी मर्डो म्हणाला. "हा किल्ट घालून. आणि चिठ्ठीचं हेक्टरला सांगू नकोस. त्याला झेपायचं नाही."

"नाही सांगत. पण त्यांचं तोंड बघायला मजा आली असती, आजोबा."

मार्चमध्ये मर्डो गेला. दुसऱ्याच दिवशी इशबेल मला मागायला आली. मी खुर्चीच्या पाठीवर होतो.

"पाइप वाजव तू, माझी काही हरकत नाही," हेक्टर म्हणाला. "पण काळी पँट घालून वाजव. किल्ट ट्रॅव्हिस घालणार आहे, कॅनडाहून येतोय मुद्दाम. चुलतभावाचा नातू असला तरी रक्त आपलं आहे. मनाला लावून घेऊ नकोस इशबेल, पण आडनाव बघ ना तुझं."

"आजोबांनी मला सांगितलं होतं."

"म्हातारपणी माणूस काहीही बोलतो."

तिनं नळ सोडला. सिंकमधले कप विसळले, पुसून ठेवले आणि गेली. सव्वीस वर्षं या घरात वावरलेल्या पोरीला आडनाव बघायला सांगतात! मला पोट असतं तर तिथेच भडभडून ओकलो असतो.

मग ट्रॅव्हिस आला. दंडावर कुळाचं चिन्ह गोंदलेलं, डोळ्यांत पाणी. "माझ्या पूर्वजांची माती," असं म्हणत त्यानं मला घातलं, ते निऱ्या पुढे आणि सपाट बाजू मागे करून. हेक्टरनं मला फिरवून निऱ्या मागे घेतल्या. पट्टे काही लागेनात. त्यानं श्वास रोखला, पोट आत घेतलं, मी कचकचलो. त्याच्या घामाचा आणि अत्तराचा वास अजून माझ्या निऱ्यांतून जात नाही. शेवटी मला कंबर वाढवायला इफीच्या मुलीकडे नेलं. तिचं नाव जेसी, आता हे काम तीच करते.

कंबर वाढवायची तर अस्तर उसवावं लागतं. जेसीनं दोघांसमोरच उसवलं. चिठ्ठी टेबलावर पडली.

हेक्टरनं ती वाचली. चष्मा पुसून परत वाचली. "हे आमचं नाही," तो म्हणाला.

"तुमच्या वडिलांनी अठ्ठावन्न वर्षं घातलंय," जेसी म्हणाली.

"चुकीचं घातलं."

चुकीचं! बापाला अजून मातीही दिली नव्हती. ज्या माणसानं याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं, त्याचं आख्खं आयुष्य यानं एका चिठ्ठीपायी चुकीचं ठरवलं. आणि मला दोन बोटांनी, मेलेल्या उंदरासारखं, टेबलाच्या कडेला सरकवलं. "उद्या मंडळाची माणसं येणार आहेत. टाकून दे हे, जेसी."

"मग माझ्या गोंदणाचं काय?" ट्रॅव्हिसनं घाबरून विचारलं.

"ते बरोबर आहे," हेक्टर म्हणाला. मग दोघं भाड्याचा किल्ट शोधायला निघून गेले.

जेसीनं फोन केला. इशबेल कामावरूनच आली, केसांत दगडाची पूड घेऊन.

"टाकून दिलाय त्यांनी," जेसी म्हणाली. "गुडघ्यांवर बस पोरी, माप घेते."

इशबेल बसली. इतका वेळ कोरडी राहिलेली पोर तिथे रडली, माप घेऊन होईपर्यंत रडली. जेसीनं पट्टे सरकवले आणि चिठ्ठीचं काय करू म्हणून विचारलं.

"होती तिथेच शिवा, मावशी."

दुसऱ्या दिवशी गार वारा होता. सर्वांत पुढे इशबेल पाइप वाजवत चालली, मी तिच्या कमरेला. मागे मर्डोची शवपेटी. पेटीची दोरी धरून ट्रॅव्हिस, अगदी बिनचूक टार्टनमध्ये, निऱ्या पुन्हा पुढे. जगाच्या कमरा तपासणाऱ्या हेक्टरला त्या सकाळी बघायला सवड झाली नव्हती, आणि आता पेटी धरून चालताना काही करता येईना. मर्डोच्या बरोबरचे म्हातारे पोस्टमन हसू दाबायला ओठ चावत, माना खाली घालून चालले होते. एकानंही ट्रॅव्हिसला सांगितलं नाही.

स्मशानाच्या फाटकाशी मंडळाच्या एका बाईंनी इशबेलला निरखून पाहिलं. "हा कुणाचा टार्टन गं?"

इशबेलनं तोंडातली नळी काढली. "मर्डोचा," ती म्हणाली, आणि परत वाजवायला लागली. हेक्टरनं ऐकलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

आता मी इशबेलच्या दाराच्या खुंटीला असतो. संपलं असं तुम्हाला वाटलं असेल. कसलं संपतंय! तिचा फोटो गावच्या पेपरात आला, आणि गेल्या आठवड्यात त्या दुसऱ्या कुळाच्या मंडळाचं जाड कागदावरचं पत्र आलं. हा टार्टन आमचा आहे, आपला आमच्या कुळाशी संबंध दिसत नाही, तरी आपण तो वापरू नये ही विनंती. इशबेलनं ते उभ्या उभ्या वाचलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर बटाट्यांचं गरम पातेलं टेकवलं. तेव्हापासून ते तिथेच आहे, त्यावर काळं वर्तुळ उमटलंय.

ज्या मेंढ्यांची मी लोकर, त्यांनी पावसात कधी कुणाचं आडनाव विचारलं नाही. माझं एकच मागणं आहे. मी विरलो, कसर लागली, तर मला फाडा. इशबेलच्या कुत्र्याला अंथरा, छपराच्या भोकात कोंबा. पण काचेमागे नावाची पाटी लावून टांगू नका. तिथे हेक्टर येईल, आणि 'हा माझ्या वडिलांचा' म्हणून लोकांना दाखवेल.