सांडोरच्या ओल्या खोलीतले चोपणे

मित्रांनो, मला चोपणे म्हणतात. घरातली मातीची जमीन चोपून घट्ट आणि सपाट करायचे लाकूड, तेच मी. पुढे रुंद फळी आणि मागे मूठ, एवढाच माझा देह. ज्यांच्या घरात फरशी आहे त्यांनी मला कदाचित पाहिलेही नसेल.

वसईजवळच्या सांडोर गावात, देश स्वतंत्र झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, फर्डिनंडने मला भेंडीच्या झाडाच्या जाड फांदीतून तासून काढले. तो सुतार नव्हता. केळीची बाग करायचा. त्यामुळे माझी मूठ जराशी वाकडी राहिली, पण त्याच्या बायकोच्या, कार्मिनच्या, हाताला ती बरोबर बसली.

दर उन्हाळ्यात कार्मिन उखडलेली जमीन कुदळीने सैल करी, त्यात चिकणमाती आणि भाताचा तूस मिसळून पाणी शिंपडी आणि सगळे सारखे पसरी. मग ती थांबे. माती फार ओली असली तर मला चिकटते आणि फार वाळली तर भेगाळते. अंगठा दाबल्यावर खळगा पडला, पण अंगठ्याला माती लागली नाही, की कार्मिन मला हातात घेई. चोपून झाल्यावर शेणाचा हात फिरवला की जमीन अशी गुळगुळीत होई की येणारीजाणारी माणसे विचारत, ‘कोणाकडून करून घेतलीस?’

कुंपणापलीकडे हरिश्चंद्राचे घर आणि पानवेलींची बाग होती. त्याची बायको जयवंती दिवाळीआधी मला मागून नेई आणि परत देताना धुऊन पुसून देई. दोन्ही घरच्या जमिनी मला सारख्याच ओळखीच्या होत्या.

मग एका वर्षी फर्डिनंडने आमच्या कौलांवर घासणारी आंब्याची फांदी न विचारता तोडली. आंबा हरिश्चंद्राचा होता आणि फांदीला मोहोर होता. दोघे पुरुष कुंपणापाशी फार वाईट भांडले. त्यानंतर दोन्ही घरांचे बोलणे तुटले. जयवंती मला मागायला येईनाशी झाली.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या मागच्या खोलीत ओल धरू लागली. कार्मिनने जमीन खणून पुन्हा चोपली, पण महिनाभरात ती मऊ पडली. भिंतीच्या चुन्याचे पोपडे सुटले. तिने ते खरवडून, चुन्यात डिंक आणि थोडी नीळ घालून दोन हात दिले. चार दिवस भिंत सुरेख दिसली, मग तळातून पुन्हा काळी पडत गेली.

एरवी कार्मिनने ती खोली बंद ठेवली असती. पण तिची मुलगी बेटी पहिल्या बाळंतपणाला येणार होती, आणि स्वयंपाकघर व पुढची खोली सोडली तर घरात तेवढीच खोली होती.

‘अशा गारव्यात बाळ ठेवायचे कसे?’ कार्मिन म्हणाली.

‘आणखी एक हात दे चुन्याचा,’ फर्डिनंड म्हणाला.

‘चुना देऊन देऊन हात सोलले माझे. ओल आतून येतेय.’

त्याच सुमारास हरिश्चंद्राचा बैल आजारी पडला. त्यामुळे बैल जुंपून विहिरीचे पाणी वर काढणारा रहाट काही दिवस बंद राहिला. तेवढ्या दिवसांत आमची जमीन हळूहळू कोरडी झाली. बैल बरा झाला, रहाट पुन्हा कुरकुरू लागला, आणि भिंत पुन्हा काळवंडली. तेव्हा कार्मिनच्या ध्यानात आले. हरिश्चंद्राच्या विहिरीचे पाणी बागेत नेणारा पाट आमच्या भिंतीला अगदी लागून वाहत होता. त्याचा तळ झिजला होता आणि तोच आता झिरपत होता.

‘त्यांच्या दारात मी जाणार नाही,’ फर्डिनंड म्हणाला.

‘तू नको जाऊस. मी जाते.’

ती गेली आणि जयवंतीला घेऊनच आली. जयवंतीच्या कपाळावर आठी होती.

‘पाट माझ्या सासऱ्यांच्या वेळचा आहे, कार्मिन. आता काय बुजवायचा?’

‘मी बुजव म्हणत नाही, बाय. बेटी येतेय बाळंतपणाला. तू फक्त हात लावून बघ.’

जयवंतीने भिंतीला तळहात टेकवला. लहानपणी बेटीला तिने कडेवर घेऊन बागभर फिरवले होते. हात पदराला पुसत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून रहाट वाजला नाही; हरिश्चंद्राने जुन्या पाटाचे पाणी बंद केले होते. भर उन्हाळा होता. पाणी न मिळाल्याने कुंपणाकडच्या पानवेलींनी माना टाकल्या. तरी हरिश्चंद्र एकटाच, भिंतीपासून लांब, नवा पाट खणत होता. फर्डिनंड ओट्यावरून पाहत होता. शेवटी त्याने कुदळ उचलली आणि कुंपण ओलांडले.

‘फांदी विचारून तोडायला हवी होती मी,’ तो म्हणाला.

हरिश्चंद्राने मान वर केली नाही. ‘ती माती या बाजूला टाक,’ एवढेच म्हणाला.

पाट खणून झाल्यावर जयवंती मला मागायला आली. नव्या पाटाच्या तळाला तिने चिकणमाती लिंपली आणि पाणी झिरपू नये म्हणून मला घेऊन ती चोपली. मग दोघी मिळून आमच्या खोलीकडे वळल्या. खोली खणली, उघडी टाकून पुरती वाळू दिली, आणि मगच नवी माती घातली. एक दमली की मी दुसरीच्या हातात जाई. चुना सगळ्यात शेवटी दिला.

बेटी आली तेव्हा भिंत कोरडी होती. तिला मुलगी झाली. तिचे नाव विनी ठेवले. हरिश्चंद्राच्या काही वेली मात्र कायमच्या गेल्या. त्याने तिथे नव्या लावल्या आणि त्याबद्दल कधी एक शब्दही काढला नाही.

मित्रांनो, आता फर्डिनंड घरात शहाबादी फरशी घालायचे म्हणतो आहे. माझे काम संपत आले. थोडे वाईट वाटते, पण तक्रार नाही. एकच मागणे आहे. तुमच्या भिंतीचे पोपडे सुटले तर लगेच वरून रंग फासू नका. रंगाने ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते. ती कुठून येते ते शोधा. आणि ती शेजारून येत असेल, तर शेजाऱ्याला घरात बोलवा. पाणी आपल्याकडून येते आहे, हे बहुतेक वेळा त्यालाही ठाऊक नसते.